पाच नंबरच्या टेबलाचा प्लग

मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी सहायक ग्रंथपाल आहे. गेल्या जुलैत मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "नॅकची टीम येईल तेव्हा दाखवायला काहीतरी हवं. दर महिन्याला एक वार्तापत्र काढा, आणि मुलं ग्रंथालयाकडे वळतील असं काहीतरी करा." नॅक म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी संस्था.

मुलं वळलेली असतातच हो. सकाळी दार उघडायच्या आधी पायऱ्यांवर रांग असते. पण पाठीवरच्या सॅकमध्ये स्वतःचीच पुस्तकं असतात. एमपीएससीची, नेटची, सीएची. आमच्याकडून खुर्ची हवी, पंखा हवा, शांतता हवी. देवघेव विभागात बसलेला माणूस मात्र दुपारी माश्या मारतो.

पहिला अंक मी रीतसर काढला. चार पानं, वर वरिष्ठांचा संदेश, मध्ये दीपप्रज्वलनाचा फोटो, खाली नवीन दाखल ग्रंथांची यादी. फाइल वर गेली, खाली आली, संदेशातल्या एका शब्दासाठी पुन्हा वर गेली. जुलैचा अंक सप्टेंबरात निघाला, तोवर त्या यादीतले ग्रंथ कपाटात जाऊन जुने झाले होते. कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या अंकात मी माझी हौस भागवली. राजाबाई टॉवरवर दीड पान लिहिलं: 280 फुटांचा मनोरा, 1878 मध्ये पुरा झाला, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईत कधी आलाच नाही, पैसे प्रेमचंद रायचंदांचे, नाव त्यांच्या आईचं. 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या परिसरात तोही आला. ओव्हल मैदानावरून घड्याळ सगळ्यांना दिसतं, पण त्याच्या पायथ्याशी मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आहे हे निम्म्या मुंबईला ठाऊक नसतं. मला वाटलं, हा मुद्दा आपल्यालाही लागू पडतो, मुलांना भिडेल. कुणालाही भिडला नाही. माझ्या बहिणीने वाचला, तोही मी दोनदा पाठवल्यावर.

तोडगा काढला मामांनी. मामा म्हणजे आमचे ग्रंथालय परिचर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. म्हणाले, "मॅडम, ते पाच नंबरच्या टेबलाचा प्लग दुरुस्त झाला ते छापा ना. दिवसातून वीसदा मला विचारतात पोरं."

मी हसले, आणि मग लाज वाटली. बातमी म्हणजे काय, हे मी ग्रंथालयाच्या बाजूने ठरवत होते. तिसरा अंक एका ए-फोर कागदाचा केला आणि पाण्याच्या कूलरशेजारी लावला, कारण बाटली भरेपर्यंत माणूस तिथून हलत नाही. वर ठळक अक्षरात प्लग. खाली, परीक्षेसाठी अभ्यासिका कुठल्या दिवशी बंद. त्याखाली दोन ओळी एका पुस्तकाबद्दल. पहिल्याच आठवड्यात तिघांनी ते पुस्तक मागितलं. तिघं म्हणजे फार नव्हेत, पण त्याच्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का 1994 चा होता.

मग 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आला. दरवर्षी आम्ही टेबलावर पुस्तकं मांडतो आणि मुलं त्यांच्याकडे पाहत बाहेर जातात. या वेळी 891.463 च्या, म्हणजे मराठी कथा-कादंबऱ्यांच्या, मांडणीवरून दहा वर्षांत न हललेली चाळीस पुस्तकं काढली. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून खाकी कागद आणला. मामांनी जूनमध्ये शाळेच्या वह्यांना घालतात तशी कव्हरं घातली, कोपरे दुमडून, नखाने दाबून, सेलोटेपचा तुकडाही न वापरता. फक्त उघडी बाजू सुतळीने बांधली. वर मी हाताने खुणा लिहिल्या. "कोकणातलं घर, न बोलणारे दोन भाऊ, एक विहीर." नाव नाही, लेखक नाही. आवडलं तर घरी न्या, तिथे उघडा.

गफलत एकच झाली. बारकोड आत गेला, म्हणून काउंटरवर टाइप करता यावा यासाठी आम्ही ॲक्सेशन नंबर, म्हणजे ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाला मिळणारा नोंदणी क्रमांक, कव्हरवर लिहिला. दुपारपर्यंत दुसऱ्या वर्षाच्या टोळक्याने शोध लावला की हाच नंबर ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या पुस्तकसूचीत, टाकला की पुस्तकाचं नाव दिसतं. संगणकाभोवती ही झुंबड! नावं बघायची, नाक मुरडायचं, पुस्तक परत टेबलावर. मी चिडून निघालेच होते. मामा म्हणाले, "राहू द्या मॅडम. त्या संगणकावर एवढी गर्दी आपण कधी पाहिली होती?"

खरंच नव्हती. ओपॅक कसा वापरायचा हे आम्ही दर जूनमध्ये पीपीटी लावून शिकवतो, आणि मुलं मागे बसून रील्स बघतात. इथे अर्ध्या तासात सगळे शिकले होते.

दुसऱ्या दिवशी कव्हरवर फक्त एक ते चाळीस आकडे घातले आणि खऱ्या नंबरांची यादी काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. संध्याकाळपर्यंत टेबलावर नऊ उरली. बदलापूरहून येणारी एक मुलगी कोकणातल्या घराचं पुस्तक परत द्यायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, भाऊ बोलतात हो शेवटी. तुमची खूण चुकली." मी ते पुस्तक पूर्ण वाचलं नव्हतं, हे तिने बरोबर ओळखलं. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी खुणा तिलाच लिहायला दिल्या आहेत.

खाकी कागदाचं बिल अजून लेखा विभागात अडकलं आहे. तो खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा हे त्यांना ठरवता येत नाहीये. मामांनी त्यावर उपाय म्हणून मागच्या वर्षीची कॅलेंडरं जमवायला घेतली आहेत, मागची कोरी बाजू वर करून.

आणि पाच नंबरच्या टेबलाचा प्लग परवा पुन्हा गेला. पुढच्या अंकाची पहिली बातमी तयार आहे.