वाफेला ढाळ लागतो

न्यू जर्सीत जानेवारीत आमच्या हीटिंग दुरुस्तीच्या धंद्यात फोन येतात ते बहुतेक दोनच तक्रारींचे: हीट येत नाही, नाहीतर पाइपांत ठोके पडतायत. जर्सी सिटीतल्या या घरात दोन्ही होतं, शिवाय वरच्या मजल्यावर उकडतंय म्हणून खिडक्या सताड उघड्या. तिन्ही एकत्र ऐकल्यावर फोनवरच विचारलं, "खालचे रेडिएटर काढलेत का?"

काढले होते. शंभरेक वर्षांचं घर, वन-पाइप स्टीम, म्हणजे एकाच पाइपने वाफ खेळवून घर तापवायचं. यात पंप नसतो. वाफ ज्या पाइपने चढते, त्याच पाइपने तिचं पाणी होऊन खाली उतरतं. म्हणून पाइप जाड, बिडाचा रेडिएटर व्हॉल्व्हकडे किंचित कललेला, आणि दुसऱ्या टोकाला हवा सोडणारा व्हेंट.

मालक सांगलीकडचे, आयटीतले. सोफा भिंतीला लागत नाही म्हणून हॉल आणि किचनमध्ये बेसबोर्ड बसवून घेतलेलं: पाऊण इंची तांब्याची नळी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, वर पत्र्याचं पांढरं झाकण. हा माल गरम पाण्याच्या सिस्टिमचा, पंपाने पाणी फिरवलं की झकास चालतो. कॉन्ट्रॅक्टरने तो वाफेला जोडला, तोही अगदी लेव्हलमध्ये. सोल्डरिंग इतकं देखणं की आणखीच चीड आली.

झाकण काढून नळीला हात लावला. सुरुवातीला चटका, दोन फुटांपुढे थंडगार. आत पाणी साचलेलं आणि वाफ त्याच्यावर आदळत होती, तोच ठोका. बॉयलर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट हॉलमध्ये. हॉल तापेना, म्हणून बॉयलर थांबेना, आणि वरच्या बिडाच्या रेडिएटरांनी बेडरूमची भट्टी केलेली. तळघरात वाफेचा दाब ठरवणारा प्रेशरट्रोल पाच पीएसआयवर (चौरस इंचाला पाच पौंड). "जोर कमी पडतोय" म्हणून त्याच कॉन्ट्रॅक्टरने वाढवलेला! घराला दीड पुष्कळ होतो. दाब वाढवला की वाफ दाट होते आणि उलट हळू सरकते, पण हे पटवून देणं कठीण.

मालकांचे वडील आलेले होते, साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधून रिटायर झालेले. माझ्या मागोमाग तळघरात उतरले.

"आमच्याकडं एकवीस किलो प्रेशर असायचं. इथं किती?"

"काका, लागतो किलोचा दहावा भाग."

"मग ढाळ कुठाय? आन् एवढ्याशा नळीत वाफ जाणार की पाणी येणार? गाडीवाटंवर उसाच्या दोन गाड्या समोरासमोर आल्यागत झालं की." हेच त्यांनी काम चालू असताना व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं. मुलगा म्हणाला होता, बाबा, इथलं वेगळं असतं.

हॉलला बिडाचाच रेडिएटर हवा होता, पण जुने भंगारात गेलेले. मापासाठी मी घर विक्रीला असतानाच्या जाहिरातीतले फोटो मागवले. तीन कॉलम, 38 इंच उंची, दहा सेक्शन, म्हणजे जोडलेले उभे खंड, मोजले. तक्त्यात अशा सेक्शनला उष्णता देणारा पृष्ठभाग पाच चौरस फूट, म्हणजे एकूण पन्नास. वाफेवर चौरस फुटाला ताशी 240 बीटीयू (उष्णतेचं माप), म्हणजे 12,000. तसाच एक जुना मिळाला, तीनशे पौंडांच्या पुढे. भंगारवाल्याने दिले असतील त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून.

किचनचं बेसबोर्ड मात्र ठेवलं. बॉयलरच्या पाणीपातळीच्या खालून गरम पाणी काढून छोट्या पंपाने त्यात फिरवलं, 180 फॅरनहाइटच्या आत. या लूपवर व्हेंट अजिबात लावायचा नाही. तो भाग बॉयलरच्या पाण्यापेक्षा वर असल्याने व्हेंटमधून हवा आत ओढली जाते आणि सगळं पाणी खाली येतं. हे काम मला मनापासून आवडतं आणि ते कुणाला दिसत नाही.

मुलगा हुशार आहे, शंका नाही. घरात बॉयलरवाला बाप असताना त्याला यूट्यूबवरचा आणि कॉन्ट्रॅक्टरचा सल्ला जास्त खरा का वाटला, हे मला अजून उलगडत नाही. इंग्रजीत सांगितलं म्हणून? की बिल आलं म्हणून?

निघताना त्याला लो-वॉटर कटऑफ दाखवला, पाणी कमी झालं की बॉयलर बंद करणारा. फ्लोटचा आहे, हिवाळ्यात दर आठवड्याला गाळ-पाणी सोडायचं आणि बॉयलर बंद पडतो का ते बघायचं. त्याने लगेच फोनमध्ये रिमाइंडर टाकला. काका म्हणाले, "फोन ऱ्हाऊ दे. वही घाल. कुणी सोडलं, कधी सोडलं, सही." आणि तिथेच उभं राहून वहीवर रकाने आखायला घेतले.