भाचीच्या मुंडावळ्या

मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला, तेव्हा माझ्या भाचीने दागिन्यांच्या बाबतीत एकच हट्ट धरला: मुंडावळ्या आणि नथ मावशीनेच करून द्यायची. ठुशी, पाटल्या, तोडे हे सारे सराफाकडून येणार होते आणि त्यात मी लक्ष घातले नाही. मुंडावळ्या मात्र मी आनंदाने स्वीकारल्या, कारण बाजारात तयार मिळणाऱ्या मुंडावळ्यांविषयी माझी जुनी तक्रार आहे. त्या दिसायला देखण्या असतात, पण त्या बांधून नवरी पाच-सहा तास वाकणार आहे, पाटावर बसणार आहे, होमाच्या धुरात डोळे पुसणार आहे, याचा विचार त्यांत फार क्वचित केलेला आढळतो.

म्हणून कागदावर नक्षी काढण्याआधी मी भाचीला समोर बसवले, तिच्या कपाळाला साध्या दोऱ्याच्या मुंडावळ्या बांधल्या आणि तिच्याकडून अख्खे लग्न करून घेतले. तिने नमस्कारासाठी वाकून दाखवले, हार घातला आणि घालून घेतला, लाह्या अर्पण करताना झुकते तशी ती झुकली. त्यातून दोन गोष्टी कळल्या. बाजूचे सर भुवईच्या टोकाच्या आत सुरू झाले, तर मान खाली घालताच ते पापणीला लागतात. आणि ते हनुवटीच्या खाली गेले, तर फुलांच्या हारात हमखास अडकतात. सर कानशिलापाशी सुरू करून जबड्याच्या रेषेवर संपवायचे ठरले, म्हणजे लांबी 18 सेंमी. कपाळावरचे दोन पदर प्रत्येकी 24 सेंमीचे झाले.

मोत्यांसाठी पुण्यातल्या रविवार पेठेत गेले. तिथे प्लास्टिकचे, काचेचे आणि गोड्या पाण्यातले संवर्धित मोती शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि 4 मिमीच्या आकारात दुरून पाहिले, तर फरक चटकन कळत नाही. हातात घेतल्यावर मात्र लगेच कळतो. तशा 300 मोत्यांचे वजन प्लास्टिकमध्ये साधारण 12 ग्रॅम भरते, तर खऱ्या मोत्यांत 27 ग्रॅमच्या आसपास. हलके सर पंख्याच्या वाऱ्यानेही गालावर उडतात. वजनदार सर सरळ लोंबतात आणि मान हलली तरी पुन्हा आपल्या जागी येतात. मी गोड्या पाण्यातले मोती घेतले. हिशेब सोपा वाटला: कपाळाच्या एका पदराला 60, बाजूच्या एका सराला 45, दोन पदर आणि चार सर मिळून 300, वधू-वर दोघांचे 600.

हा हिशेब चुकला. दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारायची हे मी पक्के ठरवले होते, कारण गाठीशिवाय ओवलेला सर ऐन मंगलाष्टकांत तुटला, तर सगळे मोती मांडवभर होतात, आणि गाठ असली तर फार तर एखादाच निसटतो. पण रेशमी दोऱ्याची प्रत्येक गाठ सुमारे अर्धा मिलिमीटर जागा घेते, हे मी धरलेच नव्हते. पहिला पदर तब्बल 3 सेंमी लांब झाला. दोन संध्याकाळींचे काम कात्रीने कापताना वाईट वाटले, परंतु सैल पदर नाकावर घसरला असता, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. नव्या मापाने कपाळाला 53 आणि बाजूच्या सराला 40 मोती पुरले. दोन्ही मुंडावळ्यांत मिळून 532 मोती गेले आणि 68 उरले.

नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्यांचा प्रश्न वेगळा होता. पगडीवरून बांधल्या की त्या घसरतात. म्हणून त्याच्या मुंडावळ्यांच्या दोऱ्या लांब आणि चपट्या ठेवल्या, आधी त्या बांधून वर पगडी चढवायची असे त्याच्या घरच्यांना सांगून ठेवले.

नथीत माझा जीव अधिक गुंतला होता. माझ्या आजीच्या मोडलेल्या नथीतले सात बसरा मोती आईने जपून ठेवले होते. नाव इराकमधल्या बसरा बंदराचे असले, तरी हे मोती इराणच्या आखातातले. तिथून ते मुंबईच्या बाजारात येत. त्यांचा रंग पांढरा म्हणवत नाही, सायीसारखा किंचित पिवळसर आहे, आणि एकही मोती पूर्ण गोल नाही. त्यांची छिद्रे इतकी बारीक की 0.4 मिमीची तार जाईना. छिद्र वाढवले तर मोती तडकण्याची भीती, म्हणून सोनाराकडून 0.3 मिमीची सोन्याची तार ओढून घेतली. भाचीचे नाक टोचलेले नाही, त्यामुळे चापाची नथ करणे भाग होते. चापाच्या नथीचा भार पुढे गेला, की ती खाली झुकते आणि ओठाला लागते. म्हणून मोठे मोती आणि लाल खडा नाकालगत घेतले आणि लहान मोती टोकाकडे नेले. पहिल्या दिवशी तिने ती दोन तास घातली, तेव्हा नाकपुडीवर वळ उठला. चाप केसभर सैल केला, पुन्हा दोन तास घालायला लावली, आणि असे तीनदा केल्यावर ती विसरून नथीसकट चहा प्यायली. तेव्हा मी हातातली पक्कड खाली ठेवली.

उरलेल्या मोत्यांतून अंबाड्याचे आकडे केले. एका मोत्याभोवती त्याच आकाराचे सहा मोती नेमके चिकटून बसतात, तेवढ्यावरच सुबक फूल तयार होते. अशी नऊ फुले झाली.

मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो आणि त्याची चमक अत्तराने, केसांच्या फवाऱ्याने, घामाने मंदावते. केशरचना आणि अत्तर आटोपल्यावरच मुंडावळ्या बांधायच्या, हे मी सकाळी दोनदा बजावले. लग्नानंतर त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा गाठींमध्ये कुंकू लागलेल्या अक्षतांचे तीन दाणे अडकले होते. ते सुईने काढले, ओलसर मलमलीने एकेक मोती पुसला आणि सर आडवे पसरून रात्रभर वाळवले, कारण ओला रेशमी दोरा टांगला की ताणला जातो. भाची सासरी निघाली, तेव्हा मलमलीच्या पिशवीत मुंडावळ्यांबरोबर उरलेले पाच मोती आणि हातभर दोरा ठेवून दिला.