‘आधी दारू सोडवून आणा’: भावाच्या उपचारांचा माझा अनुभव

पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात दारू पिणारा माणूस सगळ्यांना दिसतो, पण झोप उडालेला माणूस कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हापासून तो रात्रभर जागा. “ताई, माले झोपच येत नही,” म्हणायचा. झोपेसाठी क्वार्टर सुरू झाली, ती वाढत गेली. मग सकाळी उठल्या उठल्या हात थरथरायचे आणि ते थांबवायला परत दारू. “मी नसलेलाच बरा” असं तो बोलायला लागला, तेव्हा भावजयीनं मला बोलावून घेतलं.

तो उपचाराला लगेच तयार झाला. केसपेपर काढला, नंबरही लागला. तिथून पुढे जे झालं त्याची चीड अजून गेलेली नाही.

मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर टेबलावर बसलेल्या माणसानं विचारलं, “दारू पितो का?” भाऊ खरं बोलला, “रोज.” त्यानं केसपेपर परत आमच्या हातात दिला. “आधी दारू सोडवून आणा, मग डिप्रेशनचं बघू.” डॉक्टरांपर्यंत आम्हाला जाऊच दिलं नाही.

म्हणून एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथला प्रश्न वेगळा: “मरणाचं बोलतो का? झोपेच्या गोळ्या चालू आहेत का?” दोन्हीला हो म्हटल्यावर ते म्हणाले, “हा मानसिक पेशंट आहे. आमच्याकडे ठेवायला हरकत नाही, असं डॉक्टरांचं पत्र आणा.” परत ओपीडी, परत तेच टेबल. “दारू सुटल्याशिवाय पत्र मिळत नाही.” दारू सोडवणारे डोक्याचं कारण सांगतात आणि डोक्याचं बघणारे दारूचं. कापसाच्या गाडीचं भाडं बुडवून सोबत आलेला चुलतभाऊ म्हणाला, “आक्का, आता भगताकडंच नेऊ.” मी साफ नाही म्हटलं.

दारूशी निगडित मानसिक त्रास हा मानसिक आजारच आहे, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 2 मधल्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. हे मला नंतर कळलं. आता कोणी केसपेपर परत केला, तर हे कलम तोंडावर सांगा आणि “डॉक्टरांना स्वतः बघू द्या” म्हणून तिथेच उभे राहा. उदासी आधीची की दारू आधीची, हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, टेबलावरच्या माणसाचं नाही.

ओपीडीवाल्यांच्या त्या एका वाक्यामुळे भावानं घरीच दारू एकदम बंद केली. दोन-तीन दिवसांत अंग घामानं भिजलं, ताप भरला, आणि तो अंगावरून बोंडअळ्या झटकायला लागला. अळ्या कुठेच नव्हत्या. वारलेल्या वडिलांशीही बोलत होता. घरात कुजबुज सुरू झाली, बाहेरचं काही लागलं. मी गाडी मागवली आणि दुसऱ्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट नेलं. तिथे कोणी पत्र मागितलं नाही.

तिथल्या मॅडमनी समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्याच सुमारास किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत असे भास होतात. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. त्यांनी थरथर आणि फिट आवरणारं लोराझेपाम हे औषध दिलं, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. दारूनं ते अंगात कमी झालेलं असतं आणि त्याशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. गावात नुसती ‘ताकदीची सलाईन’ लावून घेणाऱ्यांनी हे नक्की विचारावं.

शुद्धीवर आल्यावर भावानं दाखल व्हायला स्वतः सही केली. दारू बंद झाल्यावर बऱ्याच जणांची उदासी दोन ते चार आठवड्यांत उतरते, म्हणून डॉक्टर कधी कधी थांबून बघतात. पण याची झोप दारूच्या आधी गेली होती आणि मरणाचं बोलणं होतं, म्हणून मॅडमनी दोन्हींवरचा उपचार एकत्रच सुरू केला. आधी काय बिघडलं याची तारीखवार नोंद भावजयीनं एका वहीत केली होती, तिचा इथे फार उपयोग झाला. मला तिचा अभिमान वाटतो. तुम्हीही अशी वही ठेवा.

स्टँडच्या भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात, त्या पुड्या चहातून देऊ नका. दारू सोडवायचं डायसल्फिराम हे माणसाला सांगून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं औषध आहे; त्यावर दारू पोटात गेली तर जीवावर बेतू शकतं.

रात्री-अपरात्री घाबरल्यासारखं झालं तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. 2022 पासून चालू आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. भावजयीनं तो दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलाय.

आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: फवारणीची औषधं घरात ठेवू नका. आमच्याकडची आता चुलत्यांच्या खळ्यात कुलपात आहेत आणि किल्ली माझ्याकडे. भाऊ महिन्याला तपासणीला जातो, गोळ्या चालू आहेत, आणि यंदा कपाशीऐवजी मका लावलाय.