नववा प्रश्न

इंग्लंडमध्ये मन ठीक नाही म्हणून एनएचएसकडे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे, गेलं की आधी एक फॉर्म भरावा लागतो. त्याचं नाव पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं कसं होतं असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त बेरीज २७. पहिले आठ आपला माणूस बसमध्ये बसल्या बसल्या उरकतो. नववा मात्र सरळ विचारतो, की आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करून घ्यावी असे विचार किती वेळा आले? आणि इथे आपली मुलं सर्रास ‘अजिबात नाही’वर खूण करून मोकळी होतात.

कारण भीती. पोलीस येतील, उचलून दवाखान्यात टाकतील, व्हिसा जाईल, घरी कळेल.

खरं काय होतं ते सांगते. ‘काही दिवस’ अशी खूण केली की थेरपिस्ट थेट विचारते: जीव द्यावासा वाटतो का, काही ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का, आणि आजवर कशामुळे थांबलात. आपल्या कानांना हे फार उद्धट लागतं. आपल्याकडे तिन्हीसांजेला असं अभद्र कुणी बोललं तर आजी तिथल्या तिथे गप्प करेल. पण विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण इतके दिवस कुणी विचारलेलंच नसतं. त्यानंतर बहुतेक वेळा होतं ते एवढंच, की सुरक्षेचा आराखडा लिहितात, पुढची भेट लवकरची देतात, जीपीला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरला, कळवतात. सक्तीने दाखल करायचं तर १९८३ चा मेंटल हेल्थ ॲक्ट आहे. त्याच्या सेक्शन २ खाली साधारणपणे दोन डॉक्टर आणि एक मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य अधिकारी लागतात, मुदत जास्तीत जास्त २८ दिवस. नुसता विचार येतो म्हणून हे होत नाही. फॉर्म व्हिसा बघणाऱ्या होम ऑफिसकडेही जात नाही. जिवाला तातडीचा धोका असेल तर मात्र गोष्ट खोलीबाहेर जाते, आणि ते आधीच सांगतात.

इथल्या या सरळपणाचं कौतुक आहेच, पण त्यांनी फार मिरवायचं कारण नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असणं त्यांनी १९६१ मध्ये संपवलं. आपण भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार द्यायचं लिहिलं, आणि २०२४ मध्ये या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ गेलं. उशीर झाला खरा. पण मानसिक उपचार हा हक्क आहे हे आपण त्याच कायद्यात लिहून ठेवलंय, आणि इथे हक्काच्या जीपीसाठी लोक सकाळी आठला फोन कानाला लावून रांगेत असतात. आठ वाजून दहा मिनिटांनी उत्तर येतं, आजच्या अपॉइंटमेंट संपल्या.

त्या रांगेत आपलं नेमकं काय चुकतं? रिसेप्शनिस्टला आपण ‘थोडं लो वाटतंय’ म्हणतो, आणि ती तीन आठवड्यांनंतरची तारीख देते. तिची काय चूक? ऐकलं त्यावर ती क्रम लावते. ‘मला जगणं नकोसं झालंय, आजच कुणाशी तरी बोलायचंय,’ असं स्पष्ट म्हणावं. मराठी दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. इंग्रजीत नोकरी करणाऱ्यांनीही खुशाल मागावा. एनएचएस टॉकिंग थेरपीज या समुपदेशनाच्या सेवेकडे जीपीशिवाय स्वतःच ऑनलाइन नाव नोंदवता येतं, पण तिथे आठवडे जातात आणि ती सेवा संकटासाठी नाही. संकटात एनएचएसचा १११ लावून २ दाबायचं, रात्रीही. सॅमरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ मोफत आहे आणि बिलात दिसत नाही. मात्र ते सल्ला देत नाहीत, ऐकतात. जीव आत्ता धोक्यात असेल तर ९९९, हा इथला तातडीचा नंबर.

परदेशातली खरी गुंतागुंत वेगळीच आहे. इथे प्रत्येकाच्या खिशात पळवाट असते, परत जायची. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य बुडतो, खोलीत ओल, मॅनेजर तिरसट, आणि मनात येतं की सोडावं सगळं, पुण्याला जावं. हे ऐकून कुणी दचकत नाही. घरचे तर खूष होतात. पण पुण्यात जाऊन काय करायचं याचं चित्रच डोळ्यांपुढे येत नसेल, फक्त इथून नाहीसं व्हायचं असेल, तर तो प्रश्न तिकिटाचा नाही, नवव्या रकान्याचा आहे. ज्याला घराची ओढ आहे त्याला निदान गरम वरणभात आठवतो. ज्याला कशाचीच ओढ नाही त्याला विमान काय देणार?

म्हणून सगळ्यात खोल दिवसांत राजीनामा देऊ नये. आजारपणाचे पहिले सात दिवस स्वतःच लिहून देता येतात, पुढे जीपीची फिट नोट, म्हणजे आजारपणाचा दाखला. स्किल्ड वर्कर व्हिसावर वर्षात चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी रजा अडचणीची ठरते, पण आजारपणाची रजा त्यातून वगळलेली आहे, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. सुधारल्यावरही परत जावंसं वाटलं तर खुशाल जावं. राहणं म्हणजे शौर्य नाही. आणि राहिलेले सगळे पैशासाठीच राहिलेत असंही नाही, हेही एकदा सांगून टाकते.

आता तो सुरक्षेचा आराखडा. सहा पायऱ्यांचा हा कागद स्टॅनली आणि ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बसवला: धोक्याच्या खुणा, एकट्याने करायच्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, ज्यांना मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत, आणि शेवटी घर सुरक्षित करणं. लोक मोघम लिहितात म्हणून तो फसतो. ‘उदास वाटतं’ ही खूण झाली नाही. ‘दोन दिवस आंघोळ नाही, आईचा फोन उचलला नाही’ ही झाली. चौथ्या पायरीत सगळे आईचं नाव टाकतात आणि घड्याळ विसरतात. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक. इथे रात्रीचे दोन म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात, आई चहा करत असते, तेव्हा बेधडक लावावा. पण संध्याकाळी सात म्हणजे तिकडे मध्यरात्रीनंतरचा साडेबाराचा सुमार. त्या वेळेसाठी इथलंच कुणीतरी हवं, फ्लॅटमेट किंवा पूर्वी डबा देणाऱ्या वहिनी. सहाव्या पायरीत भारतातून आणलेली औषधांची पिशवी दुसऱ्याकडे ठेवायला द्यावी, नको असलेली केमिस्टकडे परत करावी, आणि त्या दिवसांत दारू टाळावी. जीव द्यावासा वाटण्याची लाट चढते तशी उतरते, तेवढा वेळ आपल्यात आणि त्या पिशवीत अंतर हवं.

डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या तर फरक पडायला दोन ते चार आठवडे जातात. सुरुवातीला अस्वस्थता वाढूही शकते, म्हणून पंचविशीच्या आतल्यांना डॉक्टर आठवड्यात परत बोलावतात. ‘सवय लागेल’ हे मावशीचं ऐकून मध्येच एकदम बंद करू नयेत.

घरच्यांसाठी: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ भारतात मराठीतही चालतो, तुमची स्वतःची झोप उडाली तर लावा. पण तिथून ९९९ फिरवलात तर तो इंग्लंडला लागत नाही. म्हणून सगळं ठीक असतानाच मुलाचा पोस्टकोडसकट पत्ता, एका फ्लॅटमेटचा नंबर, विद्यापीठात असेल तर तिथल्या सिक्युरिटीचा नंबर आणि त्या भागातल्या पोलिसांचा परदेशातून लागणारा नंबर मागून घ्या आणि फ्रीजवर लावा.