आमची वाटचाल : इंजिन शेवटी निवडण्याची सवय

जुन्या पिकअप ट्रकमध्ये दुसरे इंजिन बसवून देणे हे आज आमच्या छोट्या कार्यशाळेचे मुख्य काम असले, तरी सुरुवातीला आम्ही केवळ सर्वसाधारण दुरुस्ती करत होतो. चॅसिस मजबूत, केबिन शाबूत, पण इंजिन थकलेले आणि त्याचे सुटे भाग दुर्मीळ झालेले, अशा गाड्या घेऊन मालक वारंवार येऊ लागले आणि ‘दुसरे एखादे चांगले इंजिन बसवता येईल का?’ असे विचारू लागले. आम्ही होकार दिला, तेव्हा ह्या कामातील बराचसा भाग आम्हाला माहीत नव्हता, हे आज स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमचे पहिले मोठे काम शेव्हरोलेच्या जुन्या पिकअपचे होते. तिच्यात १९५५ साली सुरू झालेल्या स्मॉल ब्लॉक मालिकेतील व्ही-८ इंजिन आणि तीन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. मालकांनी १९९७ च्या मॉडेलपासून सुरू झालेल्या एलएस ह्या नव्या व्ही-८ कुळातील, ट्रकसाठी बनवलेले ५.३ लिटरचे इंजिन आधीच विकत घेऊन ठेवले होते. जुना गिअरबॉक्स त्याला जोडून पाहिला, तेव्हा बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सचे इंजिनाला जोडले जाणारे पुढचे आवरण) बहुतेक सर्व बोल्ट बरोबर बसले आणि आम्ही निश्चिंत झालो. मात्र एलएस इंजिनच्या क्रँकशाफ्टचे (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे तोंड जुन्या इंजिनाच्या तुलनेत सुमारे १० मिलिमीटर आत असते. टॉर्क कन्व्हर्टर (स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये क्लचच्या जागी असणारा भाग) आणि फ्लेक्सप्लेट (त्याला क्रँकशाफ्टशी जोडणारी पातळ तबकडी) यांच्यात साधारण ३ मिलिमीटर अंतर हवे, तिथे ते १३ च्या घरात होते, आणि आम्ही बोल्ट आवळून ते अंतर ओढून घेतले. काही आठवड्यांत फ्लेक्सप्लेट तडकली. मधले अंतर भरून काढणारा स्पेसर आणि योग्य फ्लेक्सप्लेट आधीच आणली असती, तर गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागला नसता. ते काम आम्ही स्वखर्चाने पुन्हा केले, आणि बोल्ट जुळले म्हणजे भाग जुळले असे आमच्या कार्यशाळेत त्यानंतर कोणी गृहीत धरलेले नाही.

दुसरी चूक अधिक खोलवरची होती. एका मालकांना जड ओझे वाहण्यासाठी डिझेल इंजिन हवे होते, म्हणून आम्ही कमिन्सचे ३.९ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन निवडले. इंजिन उत्तम होते, त्याला जागाही झाली. सुमारे ३४० किलो वजनासाठी पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील, हेही आम्ही ध्यानात घेतले होते. दुर्लक्ष झाले ते मागच्या डिफरन्शियलकडे, म्हणजे चाकांना गती देणाऱ्या मागच्या गिअरसंचाकडे. त्याचे गुणोत्तर ४.१० होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची गती मागे नेणाऱ्या दांड्याचे) ४.१० फेरे, आणि गिअरबॉक्सचा सर्वांत वरचा गिअर थेट १:१ होता. टायरचा परीघ २.२ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६०६ फेरे घेते आणि इंजिनाला जवळपास २,४८५ फेरे घ्यावे लागतात. त्या इंजिनाच्या गव्हर्नरची (फेऱ्यांवर लगाम ठेवणाऱ्या यंत्रणेची) मर्यादा अडीच हजारांच्या आसपास होती, त्यामुळे ८० च्या पुढे गाडी जाणे शक्यच नव्हते. शेवटी ०.७३ गुणोत्तराचा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर) असलेला गिअरबॉक्स बसवला, तेव्हा त्याच वेगाला फेरे सुमारे १,८१५ वर आले आणि इंजिन शांतपणे चालू लागले. पाच मिनिटांचे गणित आम्ही काम सुरू करण्यापूर्वी केले नाही, याची खंत मला अजूनही आहे.

त्या दोन गाड्यांनंतर आम्ही निवडीचा क्रमच उलटा केला. मालकांना आम्ही आधी गाडी काय वाहणार, किती वेगाने आणि कशा रस्त्यावर, हे विचारतो. त्यावरून टायर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर ठरते, मग गिअरबॉक्स, आणि त्यानंतरच इंजिन. मालकांना हा क्रम सुरुवातीला विचित्र वाटतो, कारण त्यांच्या मनात इंजिनाचे नाव आधीच पक्के झालेले असते.

इंजिन घेतानाही सुटे घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. शक्य तिथे आम्ही एकाच गाडीतून निघालेला पूर्ण संच घेतो, म्हणजे इंजिनासोबत वायरिंग, ईसीएम (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक), सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असल्यास त्याचे पेडलसुद्धा. एलएस इंजिनांत क्रँकवरचे दातेरी चक्र काहींत २४ दात्यांचे, तर काहींत ५८ दात्यांचे असते, आणि त्याच्याशी न जुळणारा ईसीएम आणला, तर इंजिन सुरूच होत नाही. इंधनाचेही तसेच आहे: कार्ब्युरेटरला अर्ध्या बारहूनही कमी दाब पुरतो, पण ह्या इंजिनांच्या इंजेक्टरांना सुमारे ४ बार लागतो, त्यामुळे पंप, नळ्या, होज आणि त्यांचे क्लॅम्प हे सर्व त्या दाबाला साजेसे नवीन घ्यावे लागतात. जुनी रबरी नळी तशीच ठेवण्याचा आग्रह झाला, तर आम्ही काम स्वीकारत नाही.

सर्वाधिक वेळ जातो तो ऑइल संपात, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात. तो चॅसिसच्या आडव्या तुळईला किंवा स्टीअरिंगच्या दांड्यांना अडतो, आणि इंजिन थोडे वर उचलून ही अडचण सोडवण्याचा मोह होतो. पण इंजिन वर गेले की पंखा रेडिएटरच्या मध्यावर राहत नाही, बोनेट अडते आणि प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडतात. म्हणून आम्ही माउंटिंग कायमचे वेल्ड करण्यापूर्वी संपाचा आकार ठरवतो, आणि चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, स्प्रिंगा दाबून जागा तपासतो. उथळ संप घेतला, तर त्याच्या जोडीची, तेल शोषून घेणारी पिकअप नळीही घ्यावी लागते.

वापरलेले आणि नवे यांत आमची रेषा साधी आहे: ब्लॉक, हेड आणि ब्रॅकेट तपासून वापरलेले चालतात, मागचे क्रँक सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्लच आणि माउंटिंगचे रबर नवेच बसवतो, कारण इंजिन बाहेर असताना जे काम तासाभरात होते, त्यासाठी नंतर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिन आणि चॅसिस यांमधील अर्थिंगची जाड पट्टीही आम्ही नवी लावतो.

प्रॉपेलर शाफ्ट मात्र आम्ही सर्वांत शेवटी बनवून घेतो. गाडी स्वतःच्या चाकांवर, टाकी भरून, पूर्ण वजनासह उभी राहिल्याशिवाय त्याची लांबी मोजत नाही, आणि दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळत्या सांध्यांचे) कोन जवळपास समान आणि तीन अंशांच्या आत आहेत, याची खात्री केल्यावरच माप कारखान्याला पाठवतो. सध्या जॅकवर असलेल्या गाडीचे डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स निश्चित झाले आहेत. तिच्या इंजिनाचा शोध आम्ही कालपासून सुरू केला आहे.