‘दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल’ – आमच्या बिंबलला पेलेटवर आणताना

आमचा बिंबल म्हणजे ग्रीन चीक कॉन्युअर जातीचा छोटा पोपट, वजन जेमतेम ७० ग्रॅम. (आधीच सांगते, हा रानातला आपला कीर, म्हणजे देशी पोपट नव्हे, तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि ह्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलेली आहे.) गोव्यात फोंड्याला घरी आणला तेव्हा दुकानातून सूर्यफुलाच्या बियांची पिशवी दिली आणि म्हणाले हेच खातो, दुसरं काही लागत नाही. आठ महिने मी तेच दिलं. सोललेल्या बीत निम्मं तेलच असतं, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व नावापुरतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मग तो शिंकायला लागला, पिसांची चमक गेली, तेव्हा मी वाचायला बसले आणि पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठी बनवलेलं दाणेदार तयार खाद्य, मागवले. पार्सल आलं, वाटी भरून ठेवली, त्याने एक दाणा उचलला, खाली टाकला आणि परत ढुंकूनही बघितलं नाही.

म्हणून मी त्याच दुकानात विचारायला गेले, आणि इथेच चुकलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, लाड करू नका. बिया बंद करा, दोन दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की आपोआप खाईल." इतकी वर्षं पक्षी विकणारा माणूस एवढं ठामपणे सांगतोय म्हटल्यावर मी विश्वास ठेवला. पहिल्या दिवशी वाटीतून कुरकुर आवाज येत होता, मला वाटलं खातोय. खात नव्हता, नुसता चुरा करून खाली पाडत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिसं फुलवून एका कोपऱ्यात गप्प बसला, जो एरवी मी दारात चप्पल काढली की घर डोक्यावर घेतो. ट्रेमधला कागद बघितला तर पांढरा भाग होता, पण विष्ठा जवळजवळ नाहीच, जी होती ती काळपट हिरवी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला. चार दिवसांपूर्वी ६९ होता, आता ६१.

दुकानात फोन केला. उत्तर काय, तर "अजून एक दिवस थांबा."

मी थांबले नाही. बिया पुढे ठेवल्या तर मान वर न करता दहा मिनिटं खात होता आणि मी तिथेच बसून रडत होते. एवढ्याशा पक्ष्याला उपास झेपत नाही, अंगात साठा असतोच किती! दुसऱ्या दिवशी फोंड्यात दोन ठिकाणी फोन केले, दोन्हीकडे "आम्ही कुत्री-मांजरं बघतो". शेवटी पणजीला पक्ष्यांचं कळणारे डॉक्टर मिळाले, पण नंबर चार दिवसांनी. ते चार दिवस मी दर दोन तासांनी ट्रेचा कागद बदलून बघत होते. डॉक्टरांनी टॉर्च लावून चोचीच्या आत पांढरे ठिपके दाखवले, अ जीवनसत्त्व कमी असल्याची खूण. आणि सांगितलं की बियांवर वाढलेल्या पक्ष्याला पेलेट हे अन्न आहे हेच ओळखता येत नाही, भरलेल्या वाटीशेजारी तो उपाशी मरू शकतो. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर धोका. आमचा त्याच्याही पुढे गेला होता. हे दुकानात बसून पक्षी विकणाऱ्याला माहीत नसावं?

नंतर सात आठवडे लागले. रोज सकाळी खाण्याआधी वजन, वहीत नोंद, ३ ग्रॅम उतरले की पुन्हा मागच्या आठवड्याच्या मापावर. बिया मोजून, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा, त्यांना पपईचा रस लावून वर पेलेटचा चुरा भुरभुरवायचा, म्हणजे बी सोलताना जिभेला चव लागते. दर आठवड्याला बिया थोड्या कमी. चौथ्या आठवड्यात सगळं अडकलं, काही हलेना. तेव्हा मी नाश्त्याला माझ्याच ताटात चार पेलेट ठेवले आणि खाल्ल्यासारखं केलं, तर खांद्यावरून उतरून माझ्या बोटांतून ओढून घेतला! थव्याने खाणारा जीव, दुसरा खातो ते त्याला हवं असतं. तीन दिवसांनी विष्ठा तपकिरी झाली, म्हणजे पेलेट खरंच पोटात जातोय. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

आता साधारण ६० टक्के पेलेट, बाकी बहुतेक भाजी, फळ थोडंसंच, बिया फक्त बक्षीस म्हणून. भाजीत लाल भोपळा, गाजर, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला. फळात पेरू, पपई, सीझनला मानकुराद आंब्याची एखादी फोड. सफरचंद दिलं तर बिया काढून. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारवलेले काजू अजिबात नाही. आई पोदेर (पाववाला) आला की चहात बुडवून पाव द्यायची त्याला, प्रेमाने, पण तेही बंद करावं लागलं.

हे आधी लिहायला हवं होतं: पावसात आपल्याकडे सगळ्याला दमट वास लागतो, बियांची मोठी पिशवी घेऊ नका, बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. चिरलेली भाजी दोन तासांत उचला. आणि नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात, आम्ही घरातून काढूनच टाकला.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन, किनाऱ्यावर मिळतो तो, माणक्यांच्या (स्क्विडच्या) जातीच्या प्राण्याच्या पाठीतलं पांढरं हाड. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, उकळून, उन्हात कडक वाळवून पिंजऱ्याला बांधायचा.

आणि तांबडी भाजी (लाल माठ) दिलीत तर चोच, छाती सगळं लाल होतं, विष्ठासुद्धा. पहिल्यांदा मला रक्तच वाटलं आणि मी पणजीच्या डॉक्टरांना फोन लावला होता. घाबरू नका, तो भाजीचाच रंग आहे.