पार्किन्सन्समधील एन्झाइमसाठी प्रोब तयार करताना

पार्किन्सन्सच्या आजारात मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि उरलेले डोपामाइन मोडण्याचे काम मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे एन्झाइम करीतच राहते. सेलेजिलिन हे औषध त्यालाच अडवते. या एन्झाइमची क्रियाशीलता प्रकाशातून दाखवणारा प्रोब, म्हणजे शोधक रेणू, तयार करणे, हा सोलापुरात एम.एस्सी. करताना माझ्या प्रकल्पाचा विषय होता.

सुरुवात कुमारिन या चमकणाऱ्या रंगद्रव्यांच्या कुळापासून झाली. रिसॉर्सिनॉल आणि इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट यांची सल्फ्युरिक आम्लातील पेचमन अभिक्रिया (कुमारिन बनवण्याची पद्धत) थंड ठेवावी लागते, आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की विभागातला बर्फ पुरत नसे, म्हणून सात रस्त्याजवळच्या रसवंतीवाल्याकडून लादीचा तुकडा पोत्यात गुंडाळून आणावा लागे. तयार झालेल्या ४-मिथाइलअम्बेलिफेरॉनच्या सातव्या स्थानावरील ऑक्सिजनला अमिनोप्रोपिल साखळी जोडली की ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशातली त्याची निळी चमक जवळजवळ मावळते. एन्झाइम त्या अमाइनचे अल्डिहाइड करते, मग साखळी आपोआप गळते आणि चमक परत येते.

कागदावर हे सरळ आहे. खरा वेळ गेला तो शुद्धीकरणात, कारण मूळ चमकदार द्रव्याचा अंशही मागे राहिला तर एन्झाइम न घालताच नळी उजळते. शुद्धीकरणाच्या नळीतून (कॉलममधून) उतरणाऱ्या प्रत्येक भागाचा ठिपका टीएलसी पट्टीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर, देऊन मी तो दिव्याखाली पाही आणि निळसर झाक दिसली की तो भाग वगळी. उतारा बराच घटला, पण त्याचे मला वाईट वाटले नाही.

मोजमापात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एन्झाइमचे काम झाल्यावरही साखळी गळायला वेळ लागतो, शिवाय सुटलेल्या ४-मिथाइलअम्बेलिफेरॉनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून चमकदार रूपात येतात तो आकडा) ७.८ च्या आसपास असल्याने ७.४ पीएचला तो पूर्ण तेजाने चमकत नाही. म्हणून शेवटी ग्लायसीन-सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण घालून पीएच वाढवावा लागे. सेलेजिलिन आधी मिसळल्यावर उजेड थांबला आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए हे भावंड एन्झाइम रोखणारे क्लॉर्जिलिन त्याच प्रमाणात घातल्यावर तो टिकला, तेव्हाच सरांनी आलेख मान्य केला.

जिवंत पेशींचे चित्रण मात्र या प्रोबने जमण्यासारखे नव्हते. तिथे असे अल्कधर्मी द्रावण ओतता येत नाही, आणि पेशींमधील एनएडीएच हा ऊर्जानिर्मितीतला रेणू याच निळ्या पट्ट्यात स्वतःच चमकते; वयस्क मेंदूतील लायपोफस्किन या साठत जाणाऱ्या रंगद्रव्याच्या चमकेची त्यात भर पडते. त्यामुळे पुढच्या प्रोबसाठी आम्ही ५८५ नॅनोमीटरच्या आसपास चमकणारे रेसोरुफिन हे रंगद्रव्य निवडले, ज्याचा पीकेए ६ च्या आसपास असल्याने ७.४ पीएचलाही ते पुरेसे उजळते.